मदत हवी आहे : खाडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे गोगलगायींचे शंख

नमस्कार मंडळी. लेकीचा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, बेटांवरच्या गोगलगायी. पॅसिफिक महासागरातल्या ताहितीशेजारच्या मूरिआ बेटावर पार्टुला गोगलगायींचे शंख दरीगणिक वेगळे. काही डाव्या वळणाचे, काही उजव्या. वळण ठरतं आईच्या जनुकांवरून, पिल्लाच्या नव्हे! (पूजेतला दक्षिणावर्ती शंख शास्त्रात मात्र डावा, यात आम्ही दोन दिवस घातले.) १९७७ मध्ये तिथे पिकं खाणाऱ्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायींवर उतारा म्हणून शिकारी गोगलगाय सोडली आणि तिने पार्टुलांचाच फडशा पाडला.

आपलं ठाणंही साष्टी बेटावरच, म्हणून नौपाड्यातून आणि खाडीपलीकडे कळव्यातून रिकामे शंख जमवले. बहुतेक आफ्रिकनच निघाले. ते नर्सरीच्या कुंड्यांतून फिरतात, त्यांना कसली खाडी आडवी येणार! पण टाकीखालच्या ओलीत सात-आठ चपटे, नखाएवढे, काचेसारखे मिळालेत.

हे नुसत्या शंखावरून ओळखता येतील का? व्हर्नियरने उंची-रुंदी घेतली आहे, आणखी काय मोजावं? रिकाम्या शंखातून डीएनए मिळतो का? येऊरच्या जंगलातून काहीही उचललेलं नाही, तिथे वनखात्याची परवानगी लागते. फोटो कमेंटमध्ये टाकते.