मदत हवी आहे: घरी टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) चालू, आईची हाडं ठिसूळ झालीत

नमस्कार मंडळी. लहान आतडं बरंचसं काढल्यामुळे आईला घरीच रात्रभर छातीतल्या कॅथेटरमधून टीपीएन चालू असतं. आता डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) मणक्याचा टी-स्कोअर (निरोगी तरुण माणसाच्या तुलनेत घनता किती ते) उणे २.८ आलाय, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच (हाडं ठिसूळ होण्याचा आजार). परवा अर्धी बादली उचलली तर पाठीत चमक भरली.

गोळ्या तिच्या पोटात धड शोषल्याच जात नाहीत, म्हणून डॉक्टर वर्षातून एकदा शिरेतून हाडांची झीज रोखणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड द्यायचं म्हणताहेत. त्याआधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालताहेत ते कळायला) आणि दात तपासायचेत. कोणाच्या घरी हे दिलंय का? नंतर कॅल्शियम घसरलं का? आणि टीपीएनची पिशवी जास्त तास सावकाश सोडल्यावर लघवीवाटे जाणारं कॅल्शियम कोणाचं कमी झालंय का? (वेळ डॉक्टरांना विचारूनच बदलू, काळजी नसावी.) टीपीएन आणि हाडं दोन्ही कळणारा पुण्या-मुंबईतला तज्ज्ञ माहीत असेल तर प्लीज सांगा.