ताणाच्या दिवसांत घरात कशानं बरं वाटलं?

आईची तिसरी केमो परवा झाली. ठाण्याहून खारघरला जायचं, दिवसभर बसायचं, रात्री घरी. तो दिवस निभतो, धावपळच इतकी असते. जड जातात ते मधले आठवडे. फोडणीचा वास तिला सहन होत नाही, तोंडाला चव नाही, टीव्ही नको. घर नुसतं गप्प. मी तेच तेच रिपोर्ट काढून वाचत बसते. तुमच्यावर असे दिवस आले असतील तेव्हा घरातल्या घरात कशाचा आधार वाटला, ते लिहाल का? मोठं काही नको. तुमच्या घरातलं ऐकायचंय. – कोपरी, ठाणे पूर्व

सीवूड्स

२०२०चा एप्रिल. बाबा रत्नागिरीला एकटे, मी इथं, गाड्या बंद. रात्री झोप लागायची नाही. आमच्या गॅलरीतून मागची पाणथळ जागा दिसते. खाडीला भरती आली की चिखल पाण्याखाली जातो, मग रोहित पक्ष्यांना तिथं खायला जागा उरत नाही आणि ते थव्यानं आत आमच्याकडे येतात. ओहोटी लागली की परत खाडीवर. इतकी वर्षं इथं राहून मला हे माहीत नव्हतं. सकाळी साडेसातला घर सोडणाऱ्याला कुठून कळणार?

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, तिथी बघ आणि तिची पाऊणपट कर. त्यांना पाऊणकी अजून तोंडपाठ. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. आमची खाडी आत असल्यामुळे थोडा उशीर होतो, तेवढा धरायचा. भरती रोज साधारण पाऊण तासानं पुढं सरकते, तसा आमचा फोनही पुढं सरकायला लागला. मी गॅलरीत, ते ओटीवर कॅलेंडर घेऊन. "पाणी चढलं का रे?" तब्येतीचं बोलणं नाही, आकड्यांचं नाही. आधी चारपाच पक्षी, मग गुलाबी पट्टाच उतरायचा. अधूनमधून मळकट करडी पिल्लं. ती मोठी होताना खाण्यातून गुलाबी होतात, हेही तेव्हाच वाचलं. पावसाच्या तोंडावर पक्षी गेले. फोन मात्र त्या वर्षभर तिथीप्रमाणेच होत राहिला.

घणसोली

मला शांतता मिळाली असं खोटं लिहिणार नाही. नोकरी गेली तेव्हा सात महिने घरी होतो. रोज संध्याकाळी मुलीच्या शाळेच्या बुटांना पॉलिश करायचो. आधी ओल्या फडक्यानं चिखल, मग ब्रश, मग जुन्या बनियनच्या तुकड्यानं घासायचं, नाकाशी चमक येईपर्यंत. दिवसभरात हातात घेतलेलं तेवढं एकच काम पूर्ण व्हायचं. बायकोनं कधी विचारलं नाही की रोज कशाला. त्याबद्दल तिचे आभार मानायचे राहिलेत, आज मानतो.

वर्तकनगर, ठाणे

फुलवाती. सासूबाई गेल्या त्या वर्षी. कापसातली सरकीची कणी काढायची, पेळू हलकेच पिंजायचा, खाली बूड पसरट ठेवून वरचं टोक दुधाच्या बोटानं वळायचं. दूध जास्त झालं तर वात ताठ होते, मग धड जळत नाही. दुपारी दोन ते तीन, खिडकीपाशी. त्यांच्याच पितळी डब्यात भरून ठेवायचे. अजून पुरताहेत.

ऐरोली

ताई, माझी आजी समुद्रमेथी लावायची. आमच्या आगरी घरांत हे नवीन नाही. रेतीत उगवलेली बोटभर उंचीची मेथी, पांढरा देठ आणि वर दोनच पानं. बाजारात मुळांसकट बारक्या जुड्या मिळतात तीच. मुलाचा अपघात झाला तेव्हा तो तीन महिने पलंगावर होता, मी त्याच्या उशाशी जुन्या ट्रेमध्ये लावली. वाळू धुऊन उन्हात वाळवायची. मेथी रात्रभर भिजवायची, दाट पसरायची, वर वाळूचा पातळ थर, पाणी शिंपडायचं. तिसऱ्या दिवशी वाळूला भेगा पडतात. मुलगा ते तासन्‌तास बघायचा. दहाएक दिवसांत तयार. मुळं कापून तीन-चार पाण्यांतून काढा, नाहीतर दाताखाली कचकच येते. आम्ही जवळ्यात घालतो. तुमच्या आईंना वास चालत नाही तर करू नका, नुसती उगवू द्या.

नौपाडा

माझं उत्तर लहान आहे: दुपारी चारला चहा टाकण्याआधी फोन कपाटात. साडेपाचला बाहेर. एवढ्यानंच खूप फरक पडला.

कोपरी, ठाणे पूर्व

सगळ्यांचं आईला वाचून दाखवलं. रोहित पक्ष्यांचं दोनदा वाचायला लावलं. वाती वळणं तिला आत्ता जमणार नाही, बोटांच्या टोकांना बधिरपणा आहे. समुद्रमेथी लावायची ठरली. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी माती-वाळूत हात घालायला मना केलंय. म्हणून आज मी खाली बसून वाळू चाळली आणि ती खुर्चीतून सांगत होती. चाळण अशी नाही हलवायची, मनगट सैल सोड, खडे एका बाजूला येऊ देत, तुला कोणी शिकवलंच नाही का काही. दहा मिनिटं मला नुसतं ऐकवलं. गेल्या तीन आठवड्यांत ती एका वेळी इतकं बोलली नव्हती.

मेथी भिजत घातली आहे.