मदत हवी आहे: व्हिक्सबर्गच्या वेढ्याच्या फलकावरील ‘अप्रोच’ला मराठी शब्द

अमेरिकी यादवी युद्धातील, मिसिसिपी राज्यातल्या व्हिक्सबर्गच्या वेढ्याविषयी (१८ मे ते ४ जुलै १८६३) तिथल्या रणभूमी उद्यानात रस्त्याकडेला असलेल्या एका फलकाचा मी मराठी अनुवाद करत आहे. १९ आणि २२ मेचे थेट हल्ले फसल्यावर उत्तरेच्या सैन्याचा सेनापती जनरल ग्रँट याने पद्धतशीर वेढा घातला. त्याच्या हाताखालच्या जनरल लोगनच्या सैनिकांनी तटबंदीवरील गोळीबार सरळ खंदकात घुसू नये म्हणून नागमोडी खंदक खणत दक्षिणेच्या सैन्याच्या थर्ड लुइझियाना बुरुजापर्यंत मजल मारली आणि २५ जूनला त्याखाली सुमारे २,२०० पौंड दारूचा सुरुंग उडवला. फलकावर या पुढे सरकत जाणाऱ्या खंदकाला ‘अप्रोच’ म्हटले आहे.

‘सुरुंग’, ‘मोर्चा’ आणि ‘दमदमा’ (तोफांसाठी रचलेला मातीचा उंचवटा) हे शब्द कोशांत मिळाले व ते चपखल बसतात. मात्र ‘मोर्चा’ तोफांच्या जागेसाठी आधीच वापरला आहे, नुसत्या ‘खंदक’ने किल्ल्याभोवतीचा चर डोळ्यांसमोर येतो आणि ‘नागमोडी खंदक’ हे केवळ वर्णन ठरते. नवा घडवलेला शब्द मला नको आहे, कारण आपल्याकडे किल्ल्यांना वेढे घालण्याची एवढी मोठी परंपरा असताना त्यासाठी स्वतःची परिभाषा असणारच, असे मला मनापासून वाटते.

बखरींत किंवा पेशवेकालीन पत्रांत तटाकडे खणत नेलेल्या अशा आडोशाच्या वाटेसाठी कोणता शब्द आलेला आहे, आणि तो नेमका कोणत्या वेढ्याच्या संदर्भात?