प्रतिसाद: कासवाचा पर का तुटला

लाकडी कासव कोरताना, पटाशी चालवताना त्याचा पुढचा पर (वल्ह्यासारखा पाय) मुळापाशी तुटला, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून फार वाईट वाटलं. माझ्या पहिल्या कासवाचंही असंच झालं होतं. दोष हाताचा नाही, लाकडाच्या रेषेचा, म्हणजे तंतूंच्या दिशेचा. डोक्याकडून शेपटीकडे जाणारी लाकडाची रेषा आडव्या परात आखूड पडते आणि थोड्या दाबानेही तुटते. पर मागे वळवून, पोहताना असतात तसे अंगालगत ठेवा. किंवा वेगळ्या तुकड्यातून, रेषा लांबीत धरून कोरा आणि बांबूची खुंटी व फेविकॉल घालून बसवा. मी हल्ली हा दुसरा उपायच करतो. सांधा पाठीच्या कडेखाली लपतो.

शिवणीचं लाकूड चांगलंच. सावंतवाडीची लाकडी खेळणी पांगाऱ्याची करायचे, तो आणखी मऊ, पण त्यावर बारीक रेघा टिकत नाहीत.

आणि एक, कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासवच करायचं असेल तर पाठ जवळजवळ गोल घ्या. पाठीच्या दोन्ही बाजूंचे मोठे खवले बहुधा सहा किंवा जास्त जोड्या असतात, हिरव्या समुद्री कासवाला चारच. डोकं आत ओढलेलं कोरू नका, समुद्री कासवांना ते जमत नाही.