शनिवार रात्री साडेनऊ : तुमच्या घरी आकाशवाणीचा शास्त्रीय संगीताचा नॅशनल प्रोग्रॅम कसा ऐकायचे?

सांजवेळ
काल शेजारच्या काकूंच्या मोबाइलवर आकाशवाणीची ती सुरुवातीची धून लागली. तंबोरा आणि व्हायोलिन. हातातली कोथिंबीर हातातच राहिली.

बाबा शनिवारी सव्वानऊलाच रेडिओ लावून ठेवायचे. व्हॉल्व्हचा होता, तापायला वेळ लागायचा. हिरवा डोळा मिटत आला की स्टेशन नीट लागलं. जेवणं उरकलेली असायची आणि भांडी आई सकाळवर टाकायची, आवाज नको म्हणून. बाबा त्या दीड तासात खुर्चीत बसत नसत. "गवई समोर बसलाय आणि आपण खुर्चीत?" म्हणून खाली सतरंजीवर. समेवर हात मांडीवर पडायचा, "वाह" म्हणायचे आणि आमच्याकडे बघायचे, कळलं का म्हणून. गाणं कळत नव्हतं, पण वाह कुठे येणार ते हळूहळू कळायला लागलं होतं.

एक वहीही होती त्यांची. तारीख, राग, कलाकार, तबल्यावर कोण. माळ्यावर असेल, शोधते. तोवर तुम्ही लिहा.

कोकणकडा
आमच्याकडे धारवाड स्टेशन रात्री छान लागायचं. पाऊस नसला तर. गायला मन्सूरअण्णा (मल्लिकार्जुन मन्सूर) असले की आत्या आणि काका यांची पैज, निवेदिका नाव सांगायच्या आत राग कोण ओळखतं. अण्णांचे ते जोडराग, दोघांनाही निम्माच सापडायचा. एक म्हणायची नट, दुसरा म्हणायचा बिहाग. आणि असायचा नटबिहाग!!

पमा७१
मी दुसऱ्या बाजूची 😀 दहाला विविध भारतीवर छायागीत असायचं आणि घरात रेडिओ एकच. दर शनिवारी रडारड. आता मुलाला सांगते तर म्हणतो, दुसरा फोन घ्यायचा ना.

वाटसरू
हा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री असताना. त्यांच्याच काळात सिनेमाची गाणी रेडिओवरून जवळपास गेली आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. पमाताई, तुमचं भांडण तेव्हापासूनचं आहे. पण मला विचाराल तर त्या माणसाचे उपकार आहेत. तालुक्याच्या गावात बडे गवई कोण आणणार होतं? तिकीट काढून गाणं ऐकायची ऐपत आमच्या घरात कुणाचीच नव्हती.

काळी_चार
माझे आजोबा पेटी वाजवायचे, मेळ्यात, कीर्तनात. १९४० पासून रेडिओवर पेटीला बंदी होती, सत्तरीच्या सुरुवातीला कुठे ती सैल झाली. आजोबांना ते फार लागलं होतं. पण रेडिओ सोडला नाही त्यांनी. शनिवारी पेटी काढून रेडिओशेजारी बसायचे. तंबोरे सुरू झाले की पट्टी शोधायची, काळी एक की पांढरी दोन, आणि भाता अगदी हळू हलवत रेडिओतल्या गवयाला साथ करायची. तिकडे सारंगी, इकडे आजोबा. गवयाने तान घेतली की हे मागून तीच घेणार, जणू तो ऐकतोय.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एकदा विलंबितात एक लांब मींड आली, एका सुरातून दुसऱ्यात न तुटता घसरत जाणारी, आणि त्यांनी पेटीवरून हात उचलला. म्हणाले, "ही जागा पेटीत नाही रे." बंदी घालणाऱ्यांचं म्हणणंही तेच होतं. ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आणि पुढच्या शनिवारी परत पेटी घेऊन बसले. अजून आठवलं की गळा दाटतो.

सांजवेळ
@काळी_चार, हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. पेटी आहे का अजून?

काळी_चार
आहे. भाता फाटलाय. मिरजेला न्यायची आहे.

निगडीकर_सून
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आकाशवाणीच्या संगीत संमेलनाचं रेकॉर्डिंग निमंत्रितांसमोर व्हायचं, पास मिळायचे. सासूबाई पुण्यात एकदा गेल्या होत्या. नंतर प्रसारण झालं तेव्हा सगळं घर कानात प्राण आणून बसलेलं. मध्येच एका जागेवर बाईचा आवाज, "आहाहा!" सासूबाई ताडकन उठल्या, "मी, मी ती!" दुसऱ्या दिवशी अख्ख्या वाड्याला माहीत. त्यांनी आयुष्यात कधी मोठ्याने दाद दिली नव्हती, तेवढी एकदाच, आणि ती सगळ्या देशाने ऐकली.

कोकणकडा
@निगडीकर_सून 🙏🙏 सासूबाईंना नमस्कार.

दूरदेशी
इकडे न्यू जर्सीत मोबाइलवर आकाशवाणीचं रागम् लावते, २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय. आवाज स्वच्छ. पण एरियलची जाळी, ती खरखर, मध्येच आवाज लांब जाऊन परत यायचा, तेव्हा आम्ही सगळे रेडिओकडे झुकायचो. आता कुणी झुकत नाही. नवरा म्हणतो तुला खरखरच ऐकायची आहे.

पमा७१
जाळी!! आमची खिडकीपासून देव्हाऱ्यापर्यंत. त्यावर चिमण्या बसायच्या. रेडिओचं लायसन्स पण आठवतं का, पोस्टात भरायचं ते?

वाटसरू
हो, पुस्तक असायचं त्याचं. आमचं अजून आहे.

सांजवेळ
वही सापडली. कसर लागलीय, पण अक्षर शाबूत. एका पानावर "तबला : नाव ऐकू आले नाही, दार वाजले." पुढे दोन ओळी रिकाम्या आणि मग एक नोंद आईच्या अक्षरात. मला आजवर माहीत नव्हती. तारीख आणि खाली, "हे बाहेरगावी. राग सांगितला तो कळला नाही. फार छान गायले. सतरंजी घातली होती."

काळी_चार
आई आहेत का?

सांजवेळ
आहे. शेजारीच बसलीय. दाखवली तर म्हणते, "मग लिहायचं नाही होय? वही रिकामी राहिली असती."

निगडीकर_सून
कुकर झाला. सांजवेळ, त्या पानाचा फोटो टाक ना.