मंडळीने क्षमा केली, पण सेवा परत द्यायची का?

जालन्याची सून:
सर्वांना सलाम. माझे दीर आमच्या चर्चच्या मंडळीचे खजिनदार होते. नाताळच्या वर्गणीतले पैसे त्यांनी मोबाइलवरच्या रमीत घालवले. कुणाच्या लक्षात यायच्या आत स्वतःच पाळकसाहेबांकडे गेले, मोटारसायकल विकून सगळी रक्कम भरली. काही महिने त्यांना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, बंद होतं. मग भर उपासनेत त्यांना परत सामील करून घेतलं, सगळ्यांनी हात मिळवले. पण पेटी, जी ते लहानपणापासून वाजवतात, तिला अजून हात लावू देत नाहीत. भाऊजी शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद व्हायच्या आत निघून जातात. सासूबाई म्हणतात, गप्प राहा, काळ जाऊ दे. मला ते पटत नाही. क्षमा झाली म्हणजे नेमकं काय झालं?

निवृत्त पंच:
ताई, सलाम. आधी व्यवहाराचं बोलतो. पैशाची जबाबदारी त्यांनी मागितली तरी देऊ नका. रमीची सवय सुटत असताना दानाची थैली हाती देणं हा त्यांच्यावरच अन्याय. पण हिशेबाचा आणि पेटीचा काय संबंध?

अशा वेळी लोक पेत्राचं नाव घेतात, बरोबरच आहे. येशूच्या अटकेच्या रात्री या शिष्याने त्याला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं होतं. प्रभूने त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि दर उत्तराला मेंढरं सोपवली. नाकारल्याचा जाब विचारलाच नाही. तरी तुमच्या दिरांसाठी मला मार्क जास्त जवळचा वाटतो. सुवार्तेच्या फेरीत तो पौल आणि बर्णबा या प्रेषितांबरोबर होता, पण पंफुल्या प्रांतात त्यांना सोडून यरुशलेमेला परतला. पुढच्या फेरीला त्याला न्यायला पौलाने साफ नकार दिला, आणि त्यावरून दोघांत इतकी तेढ आली की वाटा वेगळ्या झाल्या (प्रेषितांची कृत्ये 15). बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटावर गेला. त्या फेरीत काय घडलं, याची पुढे एक ओळही नाही. पण तीमथ्याला दुसरं पत्र लिहिताना तोच पौल मार्काला घेऊन ये म्हणतो, सेवेला तो मला उपयोगी आहे म्हणतो. सासूबाईंना सांगा, नुसत्या काळाने हे झालं नाही, कुणीतरी त्याला बरोबर नेलं. तुमच्या मंडळीत बर्णबा कोण होईल?

वसईकर:
आम्ही कॅथलिक. आमच्याकडे पापनिवेदनात क्षमा मिळाली तरी चोरलेलं परत करावं लागतं. ते तुमच्या दिरांनी केलंय. जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं, पण तुझ्या घरी उतरतो हे प्रभू त्याला आधीच म्हणाला होता. बिनधास्त पाठीशी उभ्या राहा.

शेतकऱ्याची लेक:
ज्यांनी वर्गणी दिली त्यांचाही विचार व्हावा. आमच्याकडे ऊसतोडीच्या उचलीतून नाताळचं दान बाजूला काढणारी घरं आहेत. त्यांना राग आला तर त्यांना कठोर मनाचे म्हणू नका. पण करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (2 करिंथ 2) पौल एका चुकलेल्या माणसाबद्दल सांगतो की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता धीर द्या, नाहीतर तो माणूस अतिदुःखात बुडून जाईल. हे तो सगळ्या मंडळीला सांगतोय. तेव्हा विषय पाळकसाहेबांच्या खोलीत मिटवू नका, सभेत मांडा.

जालन्याची सून:
सगळ्यांचे आभार. पेटीचं मी सभेत मांडते. बर्णबाचं म्हणाल तर आमच्या तबलावाल्या काकांना विचारेन, भजनाचा सराव त्यांच्याच घरी असतो. हिशेबाला आपण पुन्हा हात लावणार नाही, हे भाऊजींनी पहिल्याच दिवशी पाळकसाहेबांना लिहून दिलंय.