भाषेच्या वर्गाकडून शहराची गाइडबुक करून घ्यायचीय, कुणी केलंय का?

खडूफळा: माझ्या वर्गात बारा जण, लेव्हल ए२ च्या आसपास (म्हणजे रोजचं साधं बोलणं-लिहिणं जमतं इतपत), सगळेच शहरात नवीन. टर्म प्रोजेक्ट म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी छोटी गाइडबुक करायचं डोक्यात आहे, पण भीती ही की सगळे नेटवरून उचलून ट्रान्सलेटरमधून काढतील आणि मी नुसती करेक्शन्स करत बसेन.

भटकभवानी: दोनदा केलंय. पहिल्या वेळी अगदी तेच झालं, म्युझियम नि पुतळ्यांची यादी, वाचतंय कोण! दुसऱ्या वेळी एकच अट घातली, स्वतः जिथे अडकलात तेच लिहा. मग एकीने लिहिलं की बसचं मागचं दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही, ती बिचारी दोन स्टॉप पुढे गेली होती, आणि खाली ड्रायव्हरला हाक मारायचं वाक्य. हे कुठल्या साइटवर मिळणार?

मधलीसुट्टी: +१. ग्रामरही आपोआप येतं, रस्ता सांगायचा म्हणजे आज्ञार्थ आलाच, "डावीकडे वळा, पूल ओलांडा". वीजबिल समजावणं मात्र ए२ ला झेपत नाही, तिथे फोटो काढून बाण दाखवा. आणि छापायच्या आधी दुसऱ्या गटाला ते वाचत खरंच चालायला लावा, आमचे एका बंद गेटपाशी पोचले होते 😄

खडूफळा: बटणाचं भारीये! उद्याच विचारतो. वेळा, फोन नंबर बदलतात त्याचं काय करता?

भटकभवानी: पानाखाली तपासल्याची तारीख टाकतो. पुढची बॅच फोन करून परत विचारते, तोच त्यांचा पहिला स्पीकिंग टास्क.